हजरत इब्राहिम यांची गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला कशी सांगावी?

शनिवारपेठेतली आई

सर्वांना सलाम आणि नमस्कार. बकरी ईद तोंडावर आलीय म्हणून विचारते. सवडीने लिहिलंत तरी चालेल.

आमच्याकडे कुर्बानीचा बकरा ईदच्या बराच आधी घरी आणायची सासऱ्यांपासूनची रीत आहे. जनावर आपल्या हातचा घास खाऊन घरचं व्हावं आणि मग द्यावं, असं ते म्हणायचे. यंदाचा बकरा तांबूस आहे, एका कानावर पांढरा ठिपका. माझा धाकटा शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि सुबाभळीचा पाला घेऊन त्याच्याजवळ बसतो. आता तो बकरा त्याच्या हाकेला ओ दिल्यासारखा ओरडतो.

परवा रात्री जेवताना त्याने त्याच्या अब्बांना विचारलं, "अब्बा, हजरत इब्राहिमना मुलाला कुर्बान करायचं स्वप्न पडलं, तसं तुम्हाला पडलं तर तुम्ही मला कापाल?"

हे इथे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतात. दिवसभर लोखंडाशी झुंजणारा माणूस, पण घास हातातच राहिला. मीच म्हणाले की बाळा, अल्लाह फक्त परीक्षा घेत होता. त्यावर इब्राहिम यांच्या मुलाबद्दल दुसरा प्रश्न आला, "आणि इस्माईल नको म्हणाले असते तर?"

मी मराठी शाळेत शिकवते, मुलांचे प्रश्न मला नवे नाहीत. पण या प्रश्नावर त्याला गप्प करायचं माझ्या मनात नाही. मकतबमध्ये, म्हणजे मशिदीच्या शाळेत, त्याला गोष्ट सांगितली आहे, ती थोडक्यात: स्वप्न पडलं, सुरी घेतली, मुलाच्या जागी दुंबा (मेंढा) आला. त्याच्या डोक्यात सुरीच राहिलीय. हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यांच्या आयुष्यातून ईमान (श्रद्धा) काय आणि कुर्बानी काय, हे त्याला भीती न बसता कसं समजवावं? तुमच्या घरी तुम्ही कसं सांगता?

बावडेकर

ताई, माझ्या मते एवढ्या लहान वयात सांगूच नये. बारा-तेराचा झाला की आपोआप कळेल. आत्ता बकऱ्यापासून जरा लांब ठेवा, ईदच्या दिवशी मामाकडे पाठवा.

मास्तर, सदर बाजार

बावडेकर, तुमची माया कळते, पण पोराने विचारून झालंय. आता मामाकडे पाठवलं तर प्रश्न त्याच्याबरोबर मामाकडे जाईल.

बेटी, आधी त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्या, कारण झोपताना त्याला तेवढंच हवं असतं. उत्तर "नाही" असं आहे. नबींचं, म्हणजे पैगंबरांचं, स्वप्न ही 'वही' असते, म्हणजे अल्लाहकडून आलेला संदेश, त्याचा हुकूम. हजरत मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यानंतर कुणी नबी नाही, म्हणून आता कुणाच्याही स्वप्नातून हुकूम येत नाही. तुम्हाला-आम्हाला पडतं ते नुसतं स्वप्न. त्यावरून कुणाच्या केसालाही धक्का लावता येत नाही. उलट कुराणात सूरह (अध्याय) अनआममध्ये आणि सूरह बनी इस्राईलमध्ये, गरिबीच्या भीतीने आपली लेकरं मारू नका, असं बजावलंय. आणि हे तुम्ही सांगू नका, त्याच्या अब्बांनी सांगावं. त्याने त्यांना विचारलंय. जवळ घेऊन, डोळ्यांत बघून सांगावं.

आता गोष्ट. ईदच्या खुत्ब्याला (प्रवचनाला) वेळ थोडा असतो, म्हणून आपल्याकडे ही गोष्ट सुरीपासून सुरू होते आणि दुंब्यावर संपते. एवढं मोठं आयुष्य अलीकडे-पलीकडे राहून जातं. मी मूळचा कागल तालुक्यातला. हायस्कूलला असताना दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकलो, शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेल्या. कुराण मराठीत यावं म्हणून महाराजांनी पैसा दिला होता, हे तिथेच मोठ्यांच्या तोंडून ऐकलं. आपल्या दीनाच्या गोष्टी आपल्या मराठीत नीट सांगायच्या, ही ओढ मला तिथून लागली ती आजही सुटलेली नाही. माझ्या नातवंडांना मी ही गोष्ट रात्री-रात्री वाटून सांगितली. तीच इथे लिहितो.

पहिल्या रात्री त्याला गच्चीवर न्या. तरुण इब्राहिम आकाशाकडे बघतायत. चांदणी दिसते, हा माझा रब (पालनकर्ता), असं म्हणतात. ती मावळते. मग चंद्र, मग सूर्य. सगळेच मावळतात. जे मावळतं त्यावर माझा जीव जडत नाही, असं म्हणून ते ज्याने हे सगळं निर्माण केलं त्याच्याकडे तोंड करतात. पोराला एवढंच कळू द्या की हा माणूस लहानपणापासून बघून, पारखून विश्वास ठेवणारा होता.

दुसऱ्या रात्री बाप-लेक. हा भाग घाईने सांगू नका. वडील आजर मूर्तीपूजक. सूरह मरियममध्ये इब्राहिम त्यांच्याशी बोलतात, आणि प्रत्येक वेळी सुरुवात "अब्बा" अशी करतात, एकदा नाही, चार वेळा. जे ऐकत नाही, बघत नाही त्याची पूजा का करता, असं विचारतात. बाप म्हणतो, थांबला नाहीस तर दगडांनी मारीन, माझ्यासमोरून चालता हो. त्यावर मुलाचं उत्तर काय? "तुमच्यावर सलाम असो. मी माझ्या रबकडे तुमच्यासाठी माफी मागेन." इथे गोष्ट थांबवा आणि पोराला विचारा, बापाचं न ऐकणारा मुलगा चांगला असतो का? काय म्हणेल ते म्हणू द्या. आपण उत्तर देऊ नका.

मूर्ती फोडल्या, सगळ्यात मोठी शिल्लक ठेवली आणि तिलाच विचारा म्हणाले. लोकांनी आगीत टाकलं, आणि हुकूम झाला की हे आग, इब्राहिमसाठी थंड हो, सलामती हो. हे सांगायला काही कष्ट पडत नाहीत, पोरं तोंडाचा आ करून ऐकतात.

पण त्यानंतरची एक छोटी गोष्ट आहे, सूरह बकरामधली, ती गाळू नका. इब्राहिम म्हणतात, या रब, तू मेलेल्यांना कसं जिवंत करतोस ते मला दाखव. अल्लाह विचारतो, तुझा विश्वास नाही का? ते म्हणतात, आहे ना, पण माझ्या काळजाला स्वस्थता मिळावी म्हणून. अल्लाह रागावला नाही. चार पाखरं घ्यायला सांगितली आणि दाखवून दिलं. ज्यांना आपण खलीलुल्लाह, अल्लाहचे दोस्त म्हणतो, त्यांनी सवाल केला आणि त्यांना जवाब मिळाला. तुमच्या मुलाला हे ऐकवाच. त्यालाही सवाल पडलाय.

इतकं झाल्यावर मग स्वप्न. म्हातारपणी, दुवा मागून मागून झालेलं मूल. सूरह साफ्फातमध्ये म्हटलंय की मुलगा बापाबरोबर वावरायच्या, कामाला हात लावायच्या वयाला आला, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे पाळण्यातलं पोर नव्हतं. आणि बाप त्याला काय म्हणतो? "बेटा, मी स्वप्नात बघतोय की मी तुला जबह करतोय. बघ, तुझं काय म्हणणं आहे?" मुलगा म्हणतो, "अब्बा, तुम्हाला जो हुकूम झालाय तो करा. अल्लाहने चाहलं तर तुम्हाला मी सबर करणाऱ्यांतला दिसेन."

बेटी, मला या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं ते हे. बापाने मुलाला झोपेत गाठलं नाही, गोड बोलून माळावर नेलं नाही. हुकूम वरून आला होता, तरी आधी मुलाला सांगितलं आणि त्याचं मत विचारलं. ज्याने स्वतःच्या बापाला अदब राखून "नाही" म्हटलं होतं, त्याने आपल्या मुलाकडून जबरदस्तीने "हो" घेतलं नाही. एकाच घराण्यात एक मुलगा बापाला नकार देतो, एक होकार देतो, आणि दोघेही अल्लाहला प्यारे आहेत, कारण दोघांनी आपल्या समजुतीने, आपल्या तोंडाने उत्तर दिलं. तुमचा मुलगा विचारतो, इस्माईल नको म्हणाले असते तर? त्याला सांगा, नको म्हणता येत होतं, म्हणून तर त्यांचं हो म्हणणं मोठं. इस्माईल यांची कुर्बानी तिथेच झाली, जमिनीवर आडवं होण्याच्या आधी.

पुढे कुराण फार थोडक्यात सांगतं. दोघांनी मान तुकवली, बापाने मुलाला कपाळावर पाडलं, आणि हाक आली: इब्राहिम, तू स्वप्न खरं करून दाखवलंस. ही उघड परीक्षा होती, आणि एका मोठ्या कुर्बानीच्या मोबदल्यात मुलाला सोडवलं. सुरी चालेना, जन्नतमधून दुंबा आला हे तपशील रिवायतींतले, म्हणजे परंपरेने सांगत आलेल्या कथनांतले आहेत. त्या आयतींत मुलाचं नावही नाही. दुसरा मुलगा इसहाक होणार ही खुशखबर त्यानंतर येते, म्हणून बहुतेक उलेमा तो मुलगा इस्माईल मानतात. जुन्या तफसीरकारांपैकी (कुराणाच्या भाष्यकारांपैकी) काहींनी इसहाकही म्हटलंय. पोराला हे सगळं सांगायची गरज नाही, पण तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ठाऊक असावं. त्याच्याजवळ एकाच वाक्यावर जोर द्या: अल्लाहने मुलाचा जीव घेतला नाही, घेऊ दिला नाही.

राहता राहिला बकरा. पोर रडेल. रडू द्या, "मर्दासारखा राहा" वगैरे कुणी म्हणू नये. लळा लागलेली वस्तू देताना काळीज हललं नाही तर दिलं काय? सूरह हजमध्ये सांगितलंय की त्यांचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे अल्लाहची जाण ठेवणारं मन. त्या दिवशी त्याच्या अब्बांना म्हणावं, सुरीला धार चांगली असू द्या, आणि ती बकऱ्याच्या डोळ्यांसमोर पाजळू नका. जनावराला तकलीफ कमीत कमी व्हावी अशी नबींची ताकीद आहे. पोराला तिथे उभं करायची काही सक्ती नाही. त्याला मांसाचे वाटे पोचवायचं काम द्या.

पंचगंगाकाठ

मास्तर, तुमचं लिखाण घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मी हिंदू आहे, आमच्या तालमीत गणपतीशेजारी पीरपंजा बसलेला लहानपणापासून बघतोय, पण ही गोष्ट इतकी सविस्तर कधी ऐकली नव्हती. बापाने मुलाला विचारलं हे तर अजिबातच माहीत नव्हतं.

एक विचारायचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा बकरी ईद १२ तारखेला होती. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. आमचं घर पाण्यात होतं आणि आम्ही नात्यातल्यांकडे मुक्कामाला. शाळेपासूनचा माझा एक मुसलमान मित्र छातीभर पाण्यातनं चालत येऊन माझ्या आईची शुगरची औषधं देऊन गेला. नंतर कळलं की त्यांनी त्या वर्षी घरी ईद केलीच नाही, बकऱ्यासाठी साठवलेले पैसे गल्लीतल्या लोकांच्या धान्याला आणि अंथरूण-पांघरुणाला दिले. आई अजून त्याचं नाव काढते.

धर्माने हे चालतं का? म्हणजे कुर्बानी न करता पैसे दिले तर? मी त्याला विचारलं नाही, विचारणं बरं वाटलं नाही.

रात्रपाळी

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, डबा खाता खाता लिहितेय. मास्तरचाचा, तुमचं सगळं पटलं, पण तुमच्या गोष्टीत आई कुठाय? आमच्या अम्मीने मला ही गोष्ट इस्माईल यांच्या आई हाजरा बीबींपासून सांगितली होती, म्हणून लिहितेय.

दूध पितं बाळ, खजुरांची एक पिशवी, पाण्याची एक मशक. जिथे माणूस नाही, पीक नाही अशा खोऱ्यात इब्राहिम त्यांना ठेवून निघतात. त्या मागे मागे जाऊन विचारतात, आम्हाला इथे टाकून कुठं चाललात? पुन्हा पुन्हा विचारतात. ते वळून बघत नाहीत. शेवटी त्या विचारतात, "अल्लाहने तुम्हाला असा हुकूम केलाय का?" ते हो म्हणतात. "मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही." एवढं बोलून त्या मागे फिरल्या. बुखारी शरीफ या हदीसच्या संग्रहात इब्ने अब्बास यांच्याकडून आलेली ही लांब हदीस आहे.

आता बघा, तो सोडणार नाही असा भरवसा असलेली बाई पाणी संपल्यावर हात जोडून बसली नाही. सफा टेकडीवर चढली, कुणी दिसतंय का बघितलं, उतरली, पदर सावरत पळाली, समोरच्या मरवा टेकडीवर चढली. असं सात वेळा. आज हज-उमऱ्याला गेलेला प्रत्येक जण, मग तो बादशहा असो की हमाल, त्या एका आईच्या पावलांवर पाऊल टाकून चालतो. सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर अंतर होतं. कडेवर तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पळणाऱ्या बाया मी रोज बघते, तेव्हा मला हाजरा बीबी आठवतात. दुवा ओठांवर आणि पाय चालूच.

अजून एक. झमझमचा झरा लागल्यावर त्यांनी हातांनी माती ओढून पाण्याला बांध घातला. मग जुरहुम टोळीचे लोक पाखरं घिरट्या घालताना बघून तिथे आले आणि राहू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, राहा, पण पाण्यावर तुमचा हक्क नाही. लोक म्हणाले, मंजूर. नवऱ्याशिवाय, लेकराला घेऊन एकटी असलेली बाई एका टोळीला पाण्याची अट घालते! आणि मक्का वसली ती तिच्या परवानगीने. ताई, तुमच्या मुलाला हे जरूर सांगा. आणि मुलगी असेल तर तिला आधी सांगा.

मास्तर, सदर बाजार

रात्रपाळी बेटी, बरं झालं लिहिलंस. ही गोष्ट तुझ्या अम्मींनी सांगितली तशीच सांगायला हवी. नातवंडांच्या गोष्टीत आता एक रात्र वाढेल.

पंचगंगाकाठ, तुमच्या मित्राबद्दल वाचून डोळे भरले. सरळ विचारलंत, तर सरळ सांगतो. आपल्या भागातले बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई; हे धर्मनियमांचे दोन पंथ. हनफींमध्ये ज्याच्याकडे ठरावीक मालमत्ता आहे त्याच्यावर कुर्बानी वाजिब (बंधनकारक), म्हणजे ती टाळून आधीच पैसे दान केले तर ती कुर्बानी झाली असं धरत नाहीत. शाफई तिला वाजिब नाही, ताकीद असलेली सुन्नत, म्हणजे नबींची रीत, मानतात. पण हनफींतही हा हुकूम ऐपतीला धरून आहे. ज्याच्यावर वाजिबच नाही त्याने भुकेल्याला दिलं तर सवाब (पुण्य) आहेच. हनफींमध्ये कुर्बानीचे दिवस जिल्हिज्ज महिन्याच्या १० ते १२ तारखेपर्यंत असतात. वाजिब असून त्या दिवसांत कुर्बानी करणं जमलं नाही, तर नंतर जनावराची किंमत गरिबांना द्यायची असते. शहराला पाण्याने वेढलेलं, जनावर आणणार कुठनं आणि करणार कुठं? तुमच्या मित्राच्या घरचा हिशेब मला माहीत नाही, तो त्याचा आणि अल्लाहचा. पण एवढं नक्की की ईदचे वाटे तीन करतात: घराला, नात्यागोत्याला आणि गरिबाला. त्या वर्षी त्याने तिन्ही वाटे तिसऱ्यात घातले. विचारलं नाहीत ते चांगलं केलंत. आता मात्र त्याच्या घरी जा आणि ही गोष्ट त्याच्याकडून ऐका.

शनिवारपेठेतली आई

सगळ्यांचे शुक्रिया. काल-परवापासून आमच्या गच्चीवर रोज बैठक बसतेय, शेजारची दोन पोरंही येतात.

पहिलं काम ह्यांनी केलं. पोराला लेथच्या तेलाचा वास येणाऱ्या त्याच शर्टात मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "असं स्वप्न आता कुणालाच हुकूम म्हणून पडत नाही. मला पडलं तर मी उठून पाणी पिईन आणि तुझ्या अंगावरचं पांघरूण नीट करीन." एवढंच. पोरगा लगेच झोपला. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही.

आजर यांच्या ठिकाणी तुम्ही सांगितलंत तशी गोष्ट थांबवली. माझ्या पोराने बराच विचार केला आणि म्हणाला, "न ऐकणारा चांगला असतो, पण सलाम करून." शेजारचा म्हणाला की घर सोडून गेल्यावर त्यांना आईची आठवण आली असेल. हाजरा बीबी पळाल्या तेव्हा पोरं गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून आली, खालच्या मजल्यावरनं ओरडा झाला.

बकऱ्याबद्दल त्याचं ठरलंय. कापताना थांबणार नाही, पण आदल्या रात्री पाला तोच घालणार आणि गरिबांचा वाटा तोच पोचवणार, आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हाताऱ्या आजी एकट्या राहतात त्यांच्यापासून सुरुवात. रडणारही आहे, असं आधीच सांगून ठेवलंय.

चाचा, त्याचा नवा सवाल: इब्राहिम यांनी वडिलांसाठी माफी मागेन म्हटलं होतं, ती मागितली का?

मास्तर, सदर बाजार

मागितली. सूरह तौबामध्ये आहे की दिलेल्या वचनामुळे त्यांनी बापासाठी माफी मागितली, आणि बाप अल्लाहचा वैरी आहे हे उघड झालं तेव्हा ते थांबले. तिथेच पुढे म्हटलंय की इब्राहिम फार कोमल काळजाचे आणि सोशीक होते. नबी लूत यांच्या गावावर अजाब (अल्लाहची शिक्षा) येणार हे फरिश्त्यांनी (देवदूतांनी) सांगितलं, तेव्हाही ते त्या लोकांसाठी अल्लाहशी हुज्जत घालायला लागले होते, सूरह हूदमध्ये. आज रात्री त्याला ती फरिश्त्यांची गोष्ट सांगा. पाहुणे म्हणून येतात आणि जेवायला हातच लावत नाहीत, इथून सुरुवात करा.